कारल्याच्या भाजीचं पान

बसस्टँडच्या बाकावर शेजारची बाई मोबाईलवर काहीतरी वाचत होती. तिचा नवरा पाण्याची बाटली घेऊन येताना दिसला, तसा तिने कोपऱ्यातल्या लाल बटणावर अंगठा दाबला. पडद्यावर कारल्याची भाजी आली. मार खाणाऱ्या बायकांना मदत करणारी ती वेबसाइट मी ओळखते; ते बटण दाबलं की ती लपते आणि भलतंच पान समोर येतं.

"काय बघतीस गं?"

"कारल्याची भाजी."

"आधी भात शिजवायला शिक." त्याने फोन हिसकावला आणि मागे जायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

माझ्या नवऱ्यानेही असंच केलं होतं. तेव्हा असं बटण नव्हतं; मी वाचलेलं पान परत समोर आलं, आणि त्याने वरवंट्याने माझी बोटं ठेचली. सातवीत शाळा सुटलेली मी, मागचं पुसायचं कसं हे मला कुठे ठाऊक? आता गावापासून इतक्या लांब राहते, तरी थंडीत बोटं ठणकतात.

इथे मात्र कारलीच येत होती. हे पान कुणी बनवलं कोण जाणे, पण बनवताना त्याला हा हिसका दिसला असणार. कधी न पाहिलेल्या बाईसाठी कुणीतरी आधीच घाबरून ठेवलं होतं. त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

बाईचा नवरा अजून तिच्याकडे रोखून बघत होता.

"मीठ लावून पिळून घे बाई," मी म्हटलं, "कडूपणा जातो."

"किती वेळ ठेवायचं, ताई?" तिने लगेच विचारलं.

त्याने फोन तिच्या मांडीवर टाकला.