दत्तवाडीचे तिकीट

महाळुंग्याच्या कोंडाजीला देवाने नक्कल करणारी जीभ दिली होती. शाळकरी वयातच तो चाकणच्या बाजारातून परतला की वाटेत भेटलेला प्रत्येक वाटसरू चावडीवर चालवून, बोलवून दाखवी. पुढे तो पिंपरीच्या एका कारखान्यात हजेरी-कारकून झाला, आणि सुट्टीला एस.टी.ने हिंडून पुण्याच्या साप्ताहिकात विनोदी प्रवासवर्णने लिहू लागला. दोन छापून आली. तिसरे संपादकांच्या शेऱ्यासह परत आले: 'हसू आले नाही. हसवाल, तर सदर देऊ.'

१९५६ च्या चैत्रात, त्या सदराच्या आशेने, तो पिंपरीहून खेडच्या गाडीत बसला. चाकणला त्याची आई अंबूबाई चढली. घरी पती दत्तोबा तापाने फणफणलेले; दत्तवाडीचे वैद्य दुपारी परगावी निघण्याआधी औषध आणायचे होते. गर्दीत मागच्या बाकावरचा मुलगा तिला दिसला नाही.

"कुठं, मावशी?" कंडक्टरने विचारले.

पतीचे नाव उच्चारले तर त्याचे आयुष्य तुटते, अशी जिची श्रद्धा, ती माउली आज ते नाव ओठांवर कसे आणील?

"तीन तोंडांचा द्येव असतू न्हवं, त्येची वाडी."

"तीन तोंडं? मग तीन तिकिटं काढा!"

गाडी हसली. ज्यांना कळले, तेही हसले आणि गप्प राहिले.

"थट्टा नगा करू, भाऊ. घरधनी आजारी हायती, दवा आनायचीय."

"मग नाव सांगा की! लाजताय काय नव्या नवरीवानी?"

मुलाला बापाचे नाव घ्यायची बंदी नव्हती, श्रोतेहो! त्या एका शब्दात बापाचे औषध होते. कोंडाजीने वर्तमानपत्र तोंडापुढे धरले, आणि कान टवकारले.

कंडक्टरने सरळ शेवटच्या थांब्याचे, खेडचे तिकीट फाडले. दत्तवाडीचा फाटा आला, तशी ती "हितं, हितं!" म्हणत उठली, गाडी थांबली नाही. खेडहून ती उन्हात चालत मागे आली, तोवर वैद्य निघून गेले होते. चौथ्या दिवशी दत्तोबांनी डोळे मिटले.

ज्येष्ठात लेख छापून आला, सदरही मिळाले. मारुतीच्या देवळात गाव जमले. लेखकानेच वाचावे, असा आग्रह झाला. आईचे नाव त्याने टाळले होते, 'एक म्हातारी' म्हटले होते. तीन तिकिटांवर गाव लोटपोट हसले. खांबाशी बसलेली अंबूबाई मात्र हसली नाही.

"कोंडबा," ती जवळ येऊन म्हणाली, "ह्ये मी कुनालाच सांगितलं न्हवतं. तू कुठं बसला व्हतास?"

"मागच्या बाकावर, आये."

हशा अजून चालूच होता. "वाच रं फुडं!" चुलता मालोजी ओरडला.

कोंडाजीने ओळीवर बोट ठेवले, आणि पुढे वाचले.