फणसाच्या लाकडाची पाचर

कल्याणरामांनी एकाच गिटारवर सव्वीस वर्षं हात घासला. सकाळच्या बसनं ओरत्तनाडूच्या कचेरीत जायचं, संध्याकाळी परत येऊन कॉफी झाली की इलेक्ट्रिक गिटार मांडीवर. त्यावर वाजवायचं ते कर्नाटक संगीत. वीणेवर तार बाजूला ओढून गमक काढतात, तसंच हे गिटारवर काढत. खालच्या दोन जाड तारा षड्ज-पंचमात लावून ठेवलेल्या, आधाराला.

तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, म्हणजे ब्रिज, मात्र हलता. दांडी दाबून सगळे सूर डुलवण्यासाठी केलेली ती ट्रेमोलोची सोय. ब्रिजला एकीकडून तारा ओढतात, दुसरीकडून पाठीतल्या स्प्रिंगा. एक तार ताणली की तो पुढं झुकायचा आणि बाकीच्या तारा उतरायच्या. मार्गळी म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमारास होणाऱ्या महोत्सवासाठी त्यांनी गावच्या संगीत सभेत दोनदा वाजवून दाखवलं. दोन्ही वेळा सभेचे चिटणीस म्हणाले, सूर जागेवर राहत नाही. यंदाची आता एकच संधी उरली होती आणि तिचा अर्ज शनिवारपर्यंत द्यायचा होता.

त्यांची बायको विशालाक्षी म्हणायची, त्रिचीला जा आणि पक्क्या ब्रिजची दुसरी गिटार आणा, एकदाची कटकट मिटेल. ते ऐकेनात. नव्या गिटारवर हात बसायला वर्ष जाईल. हिच्यात खोट ती एवढीच, तेवढी बंद केली की झालं.

"मग करा की बंद," ती म्हणाली. "किती वर्षं त्या ब्रिजच्या नावानं खडे फोडणार?"

शुक्रवारी अर्धी रजा टाकून ते दक्षिण वीथीत सुब्रमण्यमकडे गेले. वीणा घडवण्यात केस पिकलेला माणूस. वीणेचे पडदे मेणात बसवताना सूर मोजायचं यंत्र बघत नसे, कान लावून बसवायचा. गिटारचं पाठचं झाकण काढून त्यानं स्प्रिंगा पाहिल्या आणि एवढ्याशा वाद्याला इतकी कुलुपं कशाला, म्हणून हसला. मग वीणेतून उरलेला फणसाच्या लाकडाचा तुकडा घेतला, कानशीनं घासला, बसवून पाहिला, पुन्हा घासला. चौथ्या खेपेला पाचर ब्रिजखालच्या, स्प्रिंगा अडकवलेल्या ठोकळ्यामागे घट्ट गेली. डिंक लावला नाही. लाकूडच धरून ठेवेल, म्हणाला.

कल्याणरामांनी वरची तार ओढली आणि खालच्या दोन्ही छेडल्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा षड्ज भिंतीसारखा उभा राहिला. आणि त्या भिंतीशेजारी त्यांचा गांधार केसभर खाली लागला. त्यांनी पुन्हा ओढला. पुन्हा खालीच. करंगळीशेजारचं बोट बदलून मधलं लावलं, तर सूर वर निसटला.

सुब्रमण्यमनं गिटार उलटी केली, अंगठ्यानं पाचर दाबली, ठोकळा रेटून पाहिला. बराच वेळ तो तिथंच काहीतरी चाचपत राहिला.

"सार," शेवटी खाली बघतच तो म्हणाला, "ब्रिज हलत नाही."

कल्याणरामांनी आपलं बोट चोळलं. रक्तात साखर निघाल्यापासून त्याच्या टोकाला कापूस गुंडाळल्यासारखं वाटायचं. तार किती ओढली गेली ते बोटाला कळत नव्हतं. सूर उतरलेला कानाला कळायचा, तो त्यांनी ब्रिजच्या खाती टाकला होता. नव्या गिटारवर चुकले असते तर हात बसला नाही असं तरी म्हणता आलं असतं.

"काढून टाका," ते म्हणाले.

सुब्रमण्यमनं वर पाहिलं. "चांगली बसलीय, सार."

"माहीत आहे. काढा."

त्यानं पाचर ओढून काढली.

घरी त्यांनी सांगितलं, फणसाचं लाकूड त्या खाचेत बसेना. विशालाक्षी गॅससमोर उभी होती. गेलं वर्षभर ती बघत होती, कॉफीचा गरम टंबलर ते डाव्या हातानं सहज उचलतात आणि चटका लागल्याचं त्यांच्या ध्यानातच येत नाही.

"नसेल बसत," ती म्हणाली. "ते लाकूड चिवटच."

"पुढच्या वर्षी बघू."

"हो, बघू की."

शनिवारी दुपारी तिनं त्यांचा कचेरीचा सदरा धुवायला घेतला. खिशातला कोरा अर्ज काढला, घडी सरळ केली आणि रेशन कार्डाच्या फायलीत ठेवून दिला.