मावसाजींच्या गाडीचा पोळा

मोटारसायकलचं इंजिन बसलं आणि गाडी वॉरंटीत होती, एवढं सांगितलं की तुम्ही सरसावून बसणार. आता हा शोरूमवाल्यांच्या नावानं शिमगा करणार, कंपनीनं साध्या माणसाला कसं फिरवलं ते सांगणार आणि शेवटी ग्राहकाचा विजय होणार! बसा परत टेकून. यातलं काहीच होणार नाही. शोरूमवाले भले होते, कंपनी इंजिन द्यायला तयार होती. नडले ते आमचे मावसाजी. मोटारसायकलला शिंगं नसतात ही गोष्ट मनापासून न पटलेला माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात हा एकच असावा.

मावसाजी उंद्रीचे. जन्म गेला बैलांच्या मागं. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी शेवटचा बैल, हौश्या, बाजारात विकला, वावर ट्रॅक्टरवाल्याच्या हवाली केलं आणि म्हशीचं दूध चिखलीला न्यायला मोटारसायकल घेतली. गाडी अंगणात उभी करा म्हटलं तर ऐकेनात. गोठ्यातच, हौश्याच्या जागेवर, तोंड गव्हाणीकडे करून. थंडीत तिच्या अंगावर बारदान. हॉर्न त्यांनी कधी वाजवला नाही. समोर माणूस आला की 'च्यक च्यक' करायचे, आणि ब्रेक दाबताना 'होऽ होऽ' म्हणायचे. माझं तर ठाम मत आहे की गाडी ब्रेकनं कमी आणि 'होऽ'नं जास्त थांबायची. चढ आला की खाली उतरायचे, गाडी पहिल्या गिअरमध्ये, आणि हे दुखरे गुडघे सांभाळत बाजूनं चालणार. का, तर "नवं जनावर हाय, ऊर फुटते." पेट्रोल पंपावर टाकीवर हात फिरवत म्हणणार, "पी बाप्पा, सावकाश पी." एकानं विचारलं, ॲव्हरेज किती देते हो? मावसाजी त्याच्याशी पुढं कितीतरी दिवस बोलले नाहीत. "खानाऱ्याचे घास मोजते साला!"

मला नकलांचा नाद. बसचा कंडक्टर, शाळेतले हेडमास्तर, बातम्या सांगणारी बाई, सगळे माझ्या गळ्यात मुक्कामाला असतात. मावसाजींची 'च्यक च्यक' तर मी चौकात फर्माईशीवर करायचो. ते स्वतः एकदा टपरीमागं उभं राहून ऐकत होते. मला वाटलं, आता पाठीत बसते. तर म्हणाले, "ढाळावर 'होऽ' जरा लांब लागते बे, नीट कर."

मग पोळा आला. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळून त्यांना जेवणाचं आवतण देतात, तशी मावसाजींनी गाडीची खांदेमळणी केली. हँडलला तूप-हळद चोळली आणि तिच्या आरशात बघून अगदी गंभीरपणे म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी गाडी तोरणाखाली बैलांच्या रांगेत उभी! पोरं ओरडत होती, "मावसाजी, याले वेसन घाला नं!" मी लाजून मारुतीच्या पाराआड दडलो. इथवर गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी होती. पण आमच्याकडे पोळ्याला बैलाला तेल पाजतात, अंगात ताकद यावी म्हणून. मावसाजींनी इंजिनातलं काळं तेल ओतून टाकलं ("असलं जळकं कोनी जनावराले देते काय?") आणि घाण्यावरचं ताजं जवसाचं तेल आत पाजलं. पुरणपोळी तिच्या तोंडाशी धरली होती की नाही, ते मावशी अजून सांगत नाही.

दोन-चार दिवसांत गाडी साखरखेर्ड्याच्या रस्त्यावर जाम झाली. किक दबेना, चाक हलेना. दूध घरात नासायला लागलं. मावशीनं मला बोलावून घेतलं. "तू पुन्यातल्या सायबावानी बोलतं. तूच जाय यायच्या संग. वारंटी सरली नाही अजून. आन् तेलाचं नाव काढू नको." मी जवसाचं तेल काढून टाकलं, इंजिनाचं बाजारातलं तेल भरलं, आणि मावसाजींना बजावलं, "तुम्ही तिथं तोंड उघडायचं नाही." गाडी टेम्पोत चढवली तेव्हा ते मागं तिच्याजवळ बसले, हँडल धरून.

शोरूममध्ये मी जे बोललो ते माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम काम होतं. नाकातून, सावकाश, 'ण' अगदी ठणठणीत. "हे पाहा, नियमित सर्व्हिसिंग झालेलं आहे. हा सरळसरळ उत्पादनातला दोष आहे. आपण नाकारणार असाल तर मला वरच्या पातळीवर बोलावं लागेल." मेकॅनिकनं इंजिन उघडलं. आत सगळं चिकट, डिंकासारखं. तो बोट चोळत माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघितलं. मॅनेजर सज्जन माणूस. म्हणाला, "एखादं इंजिन मुळातच खराब निघतं. कंपनीला कळवतो, नवीन मिळेल." मग मावसाजींकडे वळला. "काका, गाडी पहिल्यापासूनच त्रास देत होती ना?"

एक 'हाव' म्हणायचं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

मावसाजी उठले. "कोन तरास देते? हे?"

"मावसाजी, बसा," मी पुणेरीतच म्हणालो.

"काऊन बसू? सायेब, येका किकमंदी उठनारं जनावर हाय हे. याच्यात खोड नाही. खोड माह्यात हाय. म्याच याले पोळ्याले जवसाचं तेल पाजलं!"

मेकॅनिक खाली बसून हसायला लागला, त्याच्यामागून सगळं शोरूम. मॅनेजरनं मात्र माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "आणि आपण? आपण पुण्यात कुठं राहता?" माझ्या गळ्यातले कंडक्टर, हेडमास्तर, बातम्यांची बाई, सगळे एकदम पसार झाले. "उंद्रीले," एवढंच बाहेर आलं. वॉरंटी अर्थातच गेली. इंजिनाचा खर्च आता घरातून होणार होता आणि तोवर दूध बसनं जाणार होतं.

घरी मावशी काय बोलेल याची मी तयारी करत होतो. पण मावसाजींनी मला शोरूमच्या दारातच धरलं, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या देखत.

"माही नक्कल करतं, कर. म्या कधी काही म्हनलो? पन मुक्या जनावराची बदनामी करतं? लाज नाही वाटत तुले?"

"मावसाजी, नवं इंजिन मिळत होतं..."

"चूप!" मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हौश्याले इकलं त्या दिवशी, भाव पाडाले दलाल चारचौघात म्हने, बैल मारका हाय. माह्या हौश्यानं कधी लेकराले शिंग लावलं नोयतं. आन् म्या उभा राह्यलो गुमान. बैल पाहून राह्यला होता माह्याकडं." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "आता पुन्हा ऐकून घेऊ काय बे? सांग नं. आता काऊन तोंड उघडत नाही तुहं?"