दुकान बंद, आप्पा डोंगरात

सकाळी सहा ते साडेआठ ही किराणा दुकानाची खरी वेळ. चहापत्ती, साखर, बिस्किटाचा पुडा, सगळं गाव त्याच वेळी दारात असतं. आमच्या गावचे शिवलिंगआप्पा नेमके तेव्हाच शटर ओढून सायकलवर डोंगरात गेलेले असत. गावानं आधी नावं ठेवली, मग समजूत घातली, आणि शेवटी आदल्या संध्याकाळीच चहापत्ती घेऊन ठेवायची सवय लावून घेतली. साठीतल्या एका वाण्यानं अख्ख्या गावाला वळण लावलं, हे मी इथं पंजाबात कारखान्यातल्या पोरांना सांगतो तेव्हा कुणाला पटत नाही.

मांजरसुंब्याहून आत बावीस किलोमीटरवर आमचं गाव. रस्ता चढ-उताराचा, दोन्ही बाजूंना सीताफळाची झाडी, सकाळी एखादी जीप गेली तर गेली. आप्पा पहाटे आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करत. त्यानंतर गुडघ्यापर्यंतची काळी तंग चड्डी घालत आणि तिच्यावर रोजचा पांढरा सदरा. सायकल त्यांनी बीडच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. वाकडं हँडल, बोटभर जाडीचे टायर. पारावरची माणसं विचारत, आप्पा, हिला कॅरेज न्हाई, घंटी न्हाई, मग हिला सायकल कावून म्हनायचं? आप्पा सांगत, "पोती वाहण्यात जनम गेला. आता मला वाहणारं कुनीतरी पायजे की."

माझी त्यांची गाठ रस्त्यावरच पडली. आई-बाप दरवर्षी ऊसतोडीला जात, त्यांच्यामागं मीही जाई, आणि अशा जाण्या-येण्यात नववीत माझं नाव हजेरीतून गळालं ते गळालंच. तेविसाव्या वर्षी मी मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर भाकऱ्या थापायला होतो. गावाहून जायला-यायला जुनी सायकल होती, पण चढ आला की मी उतरून ती ढकलत नेई. मला सगळ्याचीच धास्ती वाटे. दम लागला तर छाती फुटेल, उशीर झाला तर मालक काढून टाकेल. एका सकाळी आप्पा मागून आले, माझ्याशेजारी उतरले, आणि बरोबरीनं चालू लागले. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "चालतच न्यायची तर सायकल कशाला आनली? म्हैस आनायची, दूध तरी देती."

दुसऱ्या दिवसापासून मी चढाला सायकलवर आणि ते माझ्या मागं, असं सुरू झालं. एवढी हलकी सायकल असून ते कधी पुढं गेले नाहीत. मी मान वर करून वळण किती लांब आहे ते बघितलं की मागून आवाज येई, "तू चढाकडं बघू नकू. चढ तुझ्याकडं बघत न्हाई." मी थांबायला आलो की ते गुळाचा भाव किंवा जावयाच्या तक्रारी सांगायला लागत. त्या ऐकता ऐकता माथा येई. चार महिन्यांत मी उतरायचा थांबलो. वाकडं झालेलं चाक स्पोकच्या चावीनं सरळ कसं करायचं तेही त्यांनीच दुकानाच्या ओट्यावर शिकवलं. आज त्याच कामावर माझं पोट आहे.

त्या वर्षी दिवाळीनंतर शहरातल्या सायकलवाल्यांनी आमच्या डोंगरात शंभर किलोमीटरची फेरी ठेवली. मांजरसुंब्यातून सकाळी सहाला निघायचं आणि दुपारी एकच्या आत परत तिथंच यायचं. शर्यत नव्हती. वेळेत आलेल्या प्रत्येकाला नावाचं प्रमाणपत्र मिळणार होतं. आप्पांनी मला न विचारता माझं नाव दिलं आणि भाच्याची गिअरची सायकल माझ्यासाठी मागून आणली. माझ्या नावाचा कागद म्हणाल तर शाळा सोडल्याचा दाखला एवढाच, आणि तोही आणायला कुणी गेलं नव्हतं. त्यामुळं ते प्रमाणपत्र मला हवं होतं. किती हवं होतं ते मी आप्पांनाही सांगितलं नाही.

त्या दिवशी मंडळी गाड्यांच्या टपावर सायकली बांधून आली होती. आम्ही दोघं बावीस किलोमीटर सायकल मारत पोचलो. फेरी सुरू होते तिथंवरही सायकलवरच जायचं असतं असं आम्ही धरून चाललो होतो. एका बाईंनी विचारलं, तुमची गाडी कुठं लावली? आप्पांनी सायकलीकडं बोट दाखवलं. त्या हसल्या. आमचं काय चुकलं ते मला सत्तराव्या किलोमीटरला मांड्यांनी सांगितलं.

फेरी परतताना आमच्या गावातून जात होती. तिथून पुढं रस्ता दरीत उतरून चार किलोमीटरचा घाट चढतो. गावात शिरलो तर दुकानाच्या पायरीवर शेजारच्या काकू पिशवी घेऊन बसलेल्या. दिवसभर दुकान बंद असल्याचं आप्पांनी गावभर सांगितलं होतं, पण त्यांच्या पोरीला बघायला पाहुणे न कळवता आले होते आणि घरात ना पोहे ना साखर. आप्पांची बायको लेकीकडं वडवणीला गेलेली, आणि किल्ली आप्पांच्या करदोट्याला.

आप्पा उतरले. दोनच मिन्टं, म्हणाले. वाण्याच्या पोटी जन्मून हा माणूस त्या दिवशी एक गोष्ट विसरला. शटरचा आवाज अख्ख्या गावाला ऐकू जातो. पोहे मोजून होईतो सात-आठ माणसं ओट्याला लागली. कुणाला तेल, कुणाला तंबाखू, एका आजोबांना नुसतं विचारायचं होतं की आज दुकान बंद का म्हणे. आप्पांच्यानं एकालाही परत पाठववेना. मी घड्याळ बघत होतो.

"तू हो पुढं," तराजूवरची नजर न काढता ते म्हणाले.

मी म्हटलं, आप्पा, तुमी मागं नसलात तर माझ्यानं घाट व्हायचा न्हाई. हे मी सगळ्यांदेखत म्हणालो, लाजही वाटली नाही. त्यांनी हातातलं माप खाली ठेवलं.

"मी काय ढकलत होतो का बे? आजपतुर एकदा तरी हात लावला का तुझ्या सायकलीला?"

मला आठवेना. कारण त्यांनी खरंच कधी हात लावला नव्हता.

घाटात मी एकटा होतो. दुसऱ्या वळणावर पोटरीत गोळा आला, तरी उतरलो नाही. मागून कुणी बोलत नव्हतं, म्हणून मीच मोठ्यानं गुळाचा भाव सांगत चढलो. एका गुराख्यानं मला वेडा ठरवलं असणार. मांजरसुंब्याला पोचलो तेव्हा एकला सहा मिनिटं कमी होती.

आप्पा आले तेव्हा दोन वाजत आले होते आणि मांडव उतरवणं चाललं होतं. दुकानापायी त्यांना उशीर झाला हे मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. संयोजकांनी मोठ्या आदरानं त्यांच्या नावाचं प्रमाणपत्र पुढं केलं. म्हणाले, घ्या काका, तुमच्या वयाला एवढं तर चालतंच. आप्पांनी हात जोडले.

"न्हाई सायेब. येळ संपल्यावर आलेल्याला दिलं, तर ह्या पोरानं येळेत येऊन काय मिळवलं?"

मग सदऱ्याला हात पुसून त्यांनी माझा कागद मागितला. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं त्यांनी मोठ्यानं वाचलं. ओळख ना पाळख, त्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. हजेरीतून गळाल्यानंतर माझं पुरं नाव कुणी मोठ्यानं वाचलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. तिथं आलेल्या एकांनी पुढं ही पंजाबातली सायकल कारखान्याची नोकरी सांगितली. शिक्षण विचारलं तेव्हा मी साहेबांपुढं तोच कागद ठेवला. त्यांना मराठी वाचता येईना, म्हणून एक वाकडं चाक पुढं केलं. ते मी सरळ करून दिलं.

आप्पा दर रविवारी फोन करतात. पगार किती, जेवण कसं, असलं काही विचारत नाहीत. पहिल्याच फोनला विचारलं, तिकडं चढ हाय का. मी म्हटलं, न्हाई आप्पा, सगळं ताटावानी सपाट. "मग मानसं दमतात कशानं?" आप्पा म्हणाले.

मलाही इथं करमत नव्हतं. नवी भाषा, नवा मुकादम, जुनीच धास्ती. एक दिवस सुट्टीला फिरताना रेल्वेवरून गेलेला एक पूल दिसला. आता सुट्टीच्या सकाळी मी सायकल घेऊन त्याच्यावर जातो. चढतो, उतरतो, वळतो, पुन्हा चढतो. गेल्या रविवारी आप्पांना सांगितलं की आज आठ वेळा चढलो. त्यांनी फोन न तोडताच ओट्यावर ठेवला असावा. दुकानात कुणीतरी विचारलं, कुनाचा फोन हाय आप्पा? आणि आप्पांचा आवाज आला, तोलून माप दिल्यासारखा सावकाश:

"बालाजी हाय. पंजाबात असतो. तिकडं मुलखात एकच चढ हाय, त्यो बी त्यानं हुडकला."