बदलीवर उभी पोर

नाही बसवणार पोरीला घरी! बापू, तू माझा मोठा भाऊ, पाया पडतो तुझ्या, पण तुझं शहाणपण गावातच ठेव. पोर माझी, भाकर मी घालतो, अन् तिला बघायला पाहुणे तू बोलावून राहिला? तेही मला न विचारता?

बैस रे नामदेव. बापूचा निरोप तू आणला, तुझा काय गुन्हा. चहा घे. गाडीला टाइम आहे अजून.

ऐक. माझी वर्षा बारावी सायन्स पास झाली अन् कॉलेजने तिला वेटिंगवर टाकलं. बस, तेव्हापासून इथे सुरतेत, आमच्या मिलच्या डाइंग खात्यात, किस्सेच किस्से. रिजेक्शनचा माल कसा कोपऱ्यात साचतो, कोणी उचलत नाही, तसे साचले!

*

पहिला किस्सा माझाच. कॉलेजच्या बोर्डावर पोरीचं नाव दिसलं. मी तसाच पांडेसऱ्याला मिलवर आलो अन् पूर्ण खात्याला पेढे वाटले. घरी जातो तर पोर रडून राहिली.

"आबा, ते वेटिंगचं आहे. कोणी जागा सोडली तरच आपल्याला."

दुसऱ्या दिवशी कापड सुकवायच्या स्टेंटर मशीनवरच्या दामूला सांगितलं. दामू म्हणे, "पोटातला पेढा आता परत कसा देऊ? असं कर, हा वेटिंगचा धर. कन्फर्म झालं की दुसरा दे!"

*

हाच दामू मला स्टेशनजवळ एका एजंटकडे घेऊन गेला. दिवाळीत भुसावळच्या गाडीचं वेटिंग तिकीट कन्फर्म करून देतो म्हणे, मग कॉलेज काय चीज!

एजंटने सगळं ऐकलं. डोकं खाजवलं.

"काका, गाडी असती ना, तर दोन सीटच्या मधे पेटी टाकून बसवली असती. कॉलेजात कुठे पेटी टाकू?"

तरी चहा त्याने आमच्याच पैशाने पिला, हरामखोर!

*

मग आमचे जोशी साहेब. ऑफिसातले, पुण्याकडचे. मशीनपाशी येऊन मला समजावून राहिले.

"अहो, वेटिंग म्हणजे गोड शब्दात नाही म्हणणं. मुलीची जात, कशाला धावपळ करता? लग्न करून मोकळे व्हा."

म्हटलं, "साहेब, पगारवाढीचं विचारलं की तुम्ही 'बघू' म्हणता. तेही तसंच का?"

तेव्हापासून साहेब माझ्या मशीनकडून जात नाही. लांबून फिरून जातो, गरम पाइपाच्या बाजूने!

*

आमच्या गल्लीतली काकू. नळावर बायको पाणी भरत होती, तिला ऐकवून म्हणे, "सासरी वेटिंग नसतं गं बाई. गेलं की लगेच चूल हातात."

बायको माझी अहिराणीच बोलते. हंडा खाली नाही ठेवला तिने. म्हणे, "मंग तुन्ही पोर माहेर काबर ई बठेल शे?"

काकूची स्वतःची पोर सासर सोडून घरी येऊन बसलेली! काकू आता दुसऱ्या नळावर जाते.

*

आता खरा किस्सा ऐक.

मला इंग्लिश कळत नाही, पण वेटिंग कळतं. सुरतेत आलो तेव्हा मी बदली कामगार होतो. रोज डबा घेऊन मिलच्या गेटवर उभं राहायचं. कोणी खाडा केला की मुकादम बोट करायचा, चल आत. जो घरी बसला त्याला कोणी बोलवायला गेलं नाही. कधीच नाही!

पोरीला म्हटलं, "डबा घे. गेटवर उभी राहा."

"आबा, कॉलेजात बदली नसते!"

"मोठमोठ्या घरची पोरं आहेत तिथे. खाडा करत नसतील का?"

पहिल्या दिवशी मीच सोडायला गेलो. वॉचमन म्हणे, "चाचा, क्या काम है?" म्हटलं, "बदली." तो पोट धरून हसला. हसू दे. मिलचा वॉचमनही हसायचा.

पोर लाजली, रुसली, पण माझीच पोर ती. रोज उभी. पोरं चिडवायची, तरी उभी.

काल एक म्हातारी मॅडम गेटवर थांबली. गुजराती. रोज बघत असेल हिला. विचारलं, "बेटा, कोनी राह जुए छे?" कोणाची वाट बघते?

पोर म्हणे, "जो आला नाही, त्याची."

मॅडम हसली नाही. दंडाला धरून आत घेऊन गेली. प्रॅक्टिकलच्या टेबलावर एक जागा खाली होती, तिथे उभं केलं. दुपारी आपल्या खोलीत बसवून डबा उघडायला लावला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर अन् मिरचीचा ठेचा. डोळ्यातून पाणी वाहून राहिलं म्हणे म्हातारीच्या, पण अर्ध्याहून जास्त तिनेच खाल्लं!

संध्याकाळी मी विचारलं, "ॲडमिशन झाली का?"

"माहीत नाही, आबा."

"मग मॅडम बोलली काय?"

"म्हणे, उद्या डबा दोघींचा आण."

ऊठ नामदेव, गाडी पकड. बापूला सांग, पाहुण्यांना नाही म्हण. अन् येताना कळण्याचं पीठ आण. जास्त आण.