कॅनडावाले मामा

"चहा माझाच होता," वारासिवनीच्या बाई म्हणाल्या. "माझ्याच हातानं सांडला. मी माझा डाग ओयखत नाही का?"

मी काउंटरच्या मागे उभा होतो. माझ्या मागे सेठ. पुढे या बाई, मुलासाठी बालाघाटात मुली पाहत फिरणाऱ्या. त्यांना माझ्याकडून एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं आणि त्या उत्तरावर गुरुजींच्या मंदाचं लग्न अडलं होतं.

मी तेव्हा एका रेडीमेड कपड्यांच्या शोरूममध्ये होम सेक्शनचा इन्चार्ज होतो. होम सेक्शन म्हणजे वरच्या मजल्यावरची एक खोली. आधी तिथे लहान मुलांचे स्वेटर असायचे. सेठ नागपूरचा मॉल पाहून आले आणि म्हणाले, "विलास, वहाँ कपडेवाले तकिये बेच रहे हैं. आपण काहून नाही?" आठवड्यात माल आला. मोरपंखी कुशन. आकडे नसलेलं घड्याळ. काचेच्या भांड्यात प्लास्टिकचा बांबू. लामत्याच्या जंगलाकडून येणाऱ्या बसच्या टपावर खरा बांबू लादून येत होता, तो कोणी घरात ठेवत नव्हतं. आमचा हातोहात खपेल असं सेठना वाटलं.

आणि एक फोटोफ्रेम. फ्रेममध्ये कंपनी नमुन्याचा फोटो घालते. आमच्या फ्रेममध्ये बर्फात उभे असलेले नवरा-बायको आणि एक कुरळ्या केसांचा पोरगा होता. तिघांचेही केस काळे. कोणाचेही नातेवाईक असू शकले असते.

हा सगळा माल मिळून एक 'सेट'. म्हणजे रंगाला रंग जुळवलेलं सामान. बैठकीत मांडलं की घर दोन वर्षांनी तरुण दिसतं, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो.

कपड्याच्या धंद्यात 'पसंतीवर देणे' अशी पद्धत आहे. दहा साड्या घरी न्यायच्या, बायकांनी पाहायच्या, एक ठेवायची, नऊ परत. सेठनी तीच पद्धत वर लावली. मग झालं असं, की लोक शनिवारी सेट न्यायचे आणि सोमवारी परत आणायचे. "आईले रंग नाही आवडला." कोणाच्याच आईला रंग आवडत नव्हता. थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की सेट नेणाऱ्या प्रत्येक घरी रविवारी मुलगी पाहायला पाहुणे येतात.

"माल घूम रहा है, बिक नहीं रहा," सेठ म्हणाले. "विकला नाही तर वर स्वेटर. अन् तू खाली, चड्डी-बनियानवर."

मी टाय लावायला लागलो होतो. मला खाली जायचं नव्हतं.

त्याच सोमवारी एका ठेकेदाराच्या घरून सेट परत आला. एका कुशनवर चहाचा डाग. मी खोळ उलटी करून पुन्हा चढवली आणि ते बाकीच्यांच्या खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले, मंदाला घेऊन. परसवाड्याच्या शाळेतून रिटायर होऊन ते बालाघाटला राहायला आले होते. मी सवयीने म्हटलं, "पसंतीवर न्या, गुरुजी."

"नाही रे बा. घ्यायचं तं घ्यायचं. पाव्हण्याले दुसऱ्याच्या उशीवर बसवू काय? नवीनच आहे ना?"

"कालच आला."

आला कालच होता. कुठून, ते त्यांनी विचारलं नाही.

मंदा फ्रेममधला फोटो काढत होती. मीच म्हटलं, "राहू द्या. रिकामी फ्रेम बरी नाही दिसत." तो सेक्शनचा पहिला सेल. सेठनी मला स्वतः चहा पाजला.

आता बाईंचं ऐका.

"ठेकेदाराच्या घरी फोटो पाह्यला. म्हटलं, हे कोण? तं म्हणे, पोरीचे मामा, कॅनडात राह्यतात. मंग या रविवारी गुरुजीकडे गेलो. पाह्यतो तं मामा तिथंबी! म्हटलं, हे कोण? गुरुजी म्हणते, मालूम नाही, फ्रेमसंगं आले. असं कोणी सांगते का? कुशनची खोळ पाह्यली, तं आतून माझा चहा, अन् तुमच्या दुकानाची चिठ्ठी!"

"मग?"

"ठेकेदारीणबाईले फोन केला. त्या म्हणे, डाग पडलेलं सामान आम्ही घरात ठेवत नाही, देऊन टाकलं."

"आणि मामांचा फोटो?"

"मामासंगं बोलचाल बंद हाय म्हणे." बाई पुढे झुकल्या. "मले एकच सांगा, भाऊ. गुरुजीनं हे विकत घेतलं का पाव्हण्यापुरतं मागून आणलं?"

'विकत घेतलं' म्हणालो असतो, तर वापरलेला माल मी नवा म्हणून विकला हे उघड झालं असतं. सेठ मागे पेन खाली ठेवून ऐकत होते.

मी म्हटलं, "बाई, आमच्याकडून सगळं पसंतीवरच जाते."

"हौ. समजलं," बाई म्हणाल्या. "मास्तर माणूस, अन् हे धंदे."

लग्न ठेकेदाराच्या मुलीशी ठरलं. बाईंनी मुलाच्या खोलीसाठी नवा कोरा सेट माझ्याकडूनच घेतला. त्यांचं पाहून इतरांनीही घेतले, सेक्शन वाचला. कॅनडावाले मामा लग्नाला आले नाहीत. व्हिसा मिळाला नाही म्हणे.

त्या लग्नाआधीच्या एका दुपारी मंदा दुकानात आली. ती काही बोलायच्या आत मी काउंटरवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

"परत नाही करून राह्यली," ती म्हणाली. पर्समधून तिने तो बर्फातला फोटो काढून काउंटरवर ठेवला. "हे तुमचे पाव्हणे. सांभाळा."

जाता जाता वळली. "बाबा विचारत होते, विलासभाऊनं वारासिवनीच्या बाईले काय सांगतलं असन? मी म्हटलं, खरंच सांगतलं असन. सांगतलं ना?"

"हौ," मी म्हटलं.

ती पुढे लामत्याच्या शाळेत लागली. लग्न झालं की नाही, मला माहीत नाही. बालाघाट लहान आहे, विचारलं असतं तर कळलं असतं.

नंतर मी बऱ्याच सेल्समनना तयार केलं. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकच नियम सांगायचो: फ्रेम विकताना आतला फोटो काढून घ्यायचा. पोरं हुशार, सगळी "हौ सर" म्हणायची. काहून, ते एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी बहुतेक कंपनीचा रूल म्हणून सांगितलं असतं.