बस्त्याची गाठ

धनलक्ष्मीच्या कोर्सचं नाव एका दमात सांगू शकेल असा माणूस सोलापूरच्या चाटी गल्लीत नव्हता. तिच्या ओळखपत्रावर छापलं होतं, 'फॅशन रिटेल उद्योजकता आणि नवोन्मेष, पदव्युत्तर'. तिचे वडील वीरभद्रप्पा, म्हणजे सगळ्या गल्लीचे अप्पा, यांनी त्यावर सोपा तोडगा काढला होता. कोणी विचारलंच तर ते सांगायचे, "पोरगी पुण्याला कापडाचं एम.ए. करती." समोरचा मान डोलवायचा आणि मनात म्हणायचा, कापडात एम.ए. करण्यासारखं असतं काय? खरं सांगायचं तर अप्पांनाही हेच वाटत होतं. फक्त ते तिच्या तोंडावर म्हणत नव्हते.

दुकान अप्पांच्या आजोबांनी घातलेलं. साड्या आणि बस्ता. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एकाच बैठकीत. दोन्हीकडची माणसं जीप भरभरून येणार, चहा पिणार, नवरीचा शालू काढणार, नवरदेवाचा पोशाख काढणार, आणि मग सुरू होणार खरी लढाई, मानाच्या साड्यांची. आत्या, मावशी, मामी, काकू, एकही सुटता कामा नये. सगळं ठरलं की त्याचं भलंमोठं गाठोडं बांधायचं, वर हळदकुंकू लावायचं आणि दुकानाच्या मालकानं गाठ मारायची. ती गाठ बसली की लग्नातलं निम्मं विघ्न टळलं, असं गावाकडची माणसं मानतात. लहानपणी धनलक्ष्मी गाठोड्याला हळद लावायला पुढे असायची, पण दोरीला हात घातला की आजोबा दटावायचे, "ते मालकाचं काम, बाळ."

अप्पांना मुलगा नव्हता. ही गोष्ट गल्लीतले लोक धनलक्ष्मीच्या देखत बोलायचे, जणू समोर उभी आहे ती पोरगी नव्हे, भिंतीवरचं कॅलेंडर आहे. त्यातच अप्पांचे गुडघे गेले. एक मोबाइल शोरूमवाला जागा भाड्यानं मागू लागला. जागा मोक्याची, माणूस गोडबोल्या, आणि अप्पांचं मन हळूहळू तिकडे झुकत चाललेलं. धनलक्ष्मी पुण्याहून धावत आली.

"माझा शेवटचा प्रकल्प याच दुकानावर करते, अप्पा. एक बस्ता माझ्या पद्धतीनं करू द्या."

अप्पांनी कपाळावरची विभूती पुसली जाईपर्यंत कपाळ चोळलं. "एक बस्ता," ते म्हणाले. "नीट बांधला गेला तर दुकान तुझं. नाही गेला तर त्याच संध्याकाळी मी त्या शोरूमवाल्याला होकार देतो. मग रडायचं नाही."

ती रडणाऱ्यांतली नव्हतीच. तिनं पांढरी गादी माळ्यावर टाकली, साड्या हँगरला लावल्या, आरसे आणले, दिवे बदलले. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे चिठ्ठ्या. आजवर या दुकानात किंमत सांकेतिक अक्षरांत लिहिलेली असायची, ती अप्पांना आणि जुन्या सेल्समन बसूला तेवढी वाचता यायची. बस्त्याला आलेल्या घरातल्या कारभाऱ्याला कोपऱ्यात नेऊन अप्पा हळूच विचारायचे, कुणाला कितीपर्यंत. धनलक्ष्मीला हा सगळा लपंडाव वाटायचा. गिऱ्हाइकाला किंमत विचारावीच लागू नये, हे तिला वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं आणि ते तिला मनापासून पटलं होतं. म्हणून नवरीचे वडील जोतीराम यांना तिनं आधीच फोन केला, प्रत्येक नात्याचं बजेट विचारून घेतलं आणि मानाच्या साड्या निवडून एका ओळीत लावूनच ठेवल्या. प्रत्येक साडीला जांभळ्या रेशमी दोऱ्यानं चिठ्ठी, चिठ्ठीवर सुबक अक्षरात नातं, आणि नात्याखाली किंमत. वेळ वाचेल, घोळ होणार नाही. अप्पांनीही ती रांग पाहून "छान दिसतंय की" म्हटलं होतं. हे इथं मुद्दाम सांगतो, कारण नंतर त्यांना ते आठवेना.

बस्त्याच्या दिवशी केमहून नवरीकडची मंडळी आली, अकलूजहून नवरदेवाकडची. नवरी आरोही आरशासमोरून हलेना. तिला असं मोकळं फिरून शालू बघता येतात हे माहीतच नव्हतं. शालू ठरला, पोशाख ठरला, आणि धनलक्ष्मीचा जीव जरा भांड्यात पडला. गल्ल्याजवळ अप्पा गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. मोबाइल त्यांनी पालथा ठेवला होता.

नवरदेवाच्या बाजूनं बजाबाई नावाची एक आत्या होती. उंच, सडसडीत, बोलायला मोजकी. आल्या आल्या तिनं नवरदेवाची कॉलर सरळ केली होती आणि त्या घोड्याएवढ्या पोरानं निमूटपणे मान पुढे केली होती. धनलक्ष्मीनं ते पाहिलं आणि कामाच्या गर्दीत विसरून गेली.

बजाबाई मानाच्या साड्यांच्या रांगेपाशी गेली. डाळिंबी रंगाची, बारीक काठाची एक साडी तिनं दोन बोटांत धरली, पदर उलगडला, गालाला लावून पाहिला. चेहरा खुलला. मग तिनं चिठ्ठी उलटली. 'नवरदेवाची आत्या'. खाली आकडा. तिनं शेजारची चिठ्ठी उलटली. 'नवरदेवाची मावशी'. तिथला आकडा बराच मोठा होता, कारण सोयरीक मावशीनं जुळवली होती आणि जोतीरामांनी उपकाराची फेड साडीत करायचं ठरवलं होतं. बजाबाईनं डाळिंबी पदर हातातून सोडून दिला.

"जोतीरामदाजी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तरी सगळं दुकान तिच्याकडे वळलं. "ह्या पोराची आई गेली तवा त्यो पाळण्यात हुता. त्याला हितवर कुणी आणला, ते तुमास्नी कुणी सांगितलंच न्हाय व्हय?"

जोतीराम लगबगीनं पुढे झाले. "इहिणबाई, तसं न्हाय वो, आमाला..."

"हितं लिवलंय की. समद्यांनी वाचलं. मी बी वाचलं." तिनं चपला पायात सरकवल्या. "ह्यो बस्ता बांधायचा न्हाय. चला रं."

नवरदेव उठला. त्याच्या मागे सगळी अकलूजची माणसं उठली. आरोही शालू छातीशी धरून उभी राहिली. नात्यांचे बाजारभाव लावून धनलक्ष्मीनं ते भिंतीवर टांगले होते, आणि वर त्याला रेशमी दोरा बांधला होता.

अप्पा कसेबसे उठले. शेवटी जन्म याच धंद्यात गेला होता. त्यांनी वरच्या फळीवरची भारीतली पैठणी काढली आणि बजाबाईसमोर उलगडली. "आक्का, ही घ्या. चिठ्ठीवरच्याच किमतीत देतो. दुकानाकडून मान समजा."

बजाबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की अप्पांचा हात जागीच थांबला. "आता दुकानदारानं दया करायची राहिली हुती," ती म्हणाली आणि दाराकडे वळली. अप्पा खाली बसले. त्यांनी पालथा मोबाइल सुलटा केला.

धनलक्ष्मीला ते दिसलं. तिला कात्रीही दिसली. ती धावत दारापर्यंत गेली आणि बजाबाईच्या पुढ्यात उभी राहिली.

"आत्या, एक मिनिट थांबा. त्या चिठ्ठ्या जोतीरामकाकांनी नाही लावल्या. मी लावल्या. त्यांनी मला फोनवर विश्वासानं सांगितलं होतं, मी ते चारचौघांत टांगलं. चूक माझी आहे. मला बोला, पण त्या पोरीचं लग्न मोडू नका."

मग ती रांगेपाशी गेली आणि कात्रीनं एकेक दोरा कापू लागली. चिठ्ठ्या खाली पडत होत्या. शेवटची चिठ्ठी पडली तेव्हा तिनं बसूला हाक मारली. "मामा, गादी खाली घ्या."

गादी अंथरली. तिनं सगळ्या मानाच्या साड्या गादीवर टाकल्या, वरच्या फळ्यांवरच्याही काढून त्यांत मिसळल्या, भारी-हलकी सगळी एकत्र.

"आत्या, नवरदेवाकडच्या सगळ्या बायकांच्या साड्या तुम्ही काढा. कुणाला काय शोभतं ते तुम्हालाच ठाऊक. त्याला तुम्ही वाढवलंय."

हा शुद्ध जुगार होता. बजाबाईनं रागानं सगळ्या भारीतल्याच उचलल्या असत्या तर जोतीराम कोसळले असते, आणि नको म्हणायची सोय धनलक्ष्मीनं स्वतःच बंद केली होती. जोतीरामांना ते कळलं. तरी ते हात जोडून म्हणाले, "आक्का, बसा. आमचं चुकलं. तुमी म्हणाल ते."

बजाबाई उंबऱ्यात उभी होती. बाहेर जीपवाल्यानं गाडी सुरूसुद्धा केली होती. नवरदेव हळूच म्हणाला, "आत्या, बस की गं."

तिनं चपला काढल्या आणि गादीवर येऊन मांडी घातली.

साड्या उलगडू लागल्या. मावशीला तिनं हिरवी काढली. ती भारीतलीच होती आणि जोतीरामांनी डोळे मिटले. मामीला मात्र मध्यमातली. काकूला सुती, "तिला उकडतं, रेशीम नगं." एकेक नाव घेत, एकेक पदर बोटांनी चाचपत ती पुढे जात होती, आणि कुणाला काय द्यायचं यात तिला क्षणभरही विचार करावा लागत नव्हता. शेवटी बजाबाईची स्वतःची साडी तेवढी उरली. तिनं ढिगात हात घातला, शोधलं, आणि तळातून तीच डाळिंबी साडी बाहेर ओढली.

धनलक्ष्मीला राहवेना. "आत्या, ही तर मघाचीच..."

"म्हाईत हाय." बजाबाईनं पदर मांडीवर पसरला. "साडीवर कुटं रुसले हुते मी? साडी लई ग्वाड हाय. पर पोरी, तू माझ्या गळ्यात आकडा बांधून मला समद्यांफुडं हुबी केलीस. जनावराच्या बाजारात बांधत्यात तसा."

धनलक्ष्मीचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत. बजाबाईचं ते बोलणं तिनं पुढे प्रकल्पात जसंच्या तसं उतरवलं. प्रकल्प तपासणाऱ्या प्रियदर्शनी मॅडमनी संदर्भ मागितला, तेव्हा तिनं 'बजाबाई, अकलूज' एवढंच लिहून पाठवलं.

गाठोडं तयार झालं. आरोहीनं हळद लावली, बजाबाईनं कुंकू. बसूनं दोरी आणून अप्पांच्या हातात दिली. अप्पा दोरी घेऊन उभे राहिले, आणि नेमका तेव्हा गल्ल्यावरचा मोबाइल वाजला. त्यांनी पडद्यावरचं नाव पाहिलं, मग गाठोड्याकडे पाहिलं आणि दोरी धनलक्ष्मीपुढे धरली.

तिला कळेना. "मी?"

"बांध," अप्पा म्हणाले.

ती गादीवर गुडघे टेकून बसली. कपडा ताणून धरायला समोरून बजाबाईनं हात लावला. अप्पांनी फोन कानाला लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ गोड बोलत असावा, कारण अप्पा नुसतेच हुंकार देत होते.

"नाही, जागा द्यायची नाही," ते शेवटी म्हणाले. "विचारायचं असेल तर मालकिणीला विचारा. पण आत्ता नको. ती गाठ मारतीय."